पेटंट संपलेली गोळी आणि ‘शुगर फ्री’ बिस्किट: औषध व अन्नाचे कायदे रुग्णाच्या काय कामाचे?

मधुमेही रुग्णाच्या घरात दोन छापील वेष्टने रोज हाताळली जातात. एक गोळ्यांची स्ट्रिप, दुसरा बिस्किटाचा नाहीतर फरसाणाचा पुडा. स्ट्रिपवरच्या किमतीमागे बऱ्याचदा पेटंट कायदा असतो. पुड्यावर काय छापायचे आणि काय नाही, हे अन्नसुरक्षा कायदा ठरवतो. गेल्या वीस वर्षांत या दोन्ही कायद्यांत मोठे बदल झाले. काही पूर्ण झाले, काही अजून अर्ध्यावर आहेत.

श्रीगोंदा तालुका उसाचा आणि लिंबाचा. इथे दवाखान्यात ‘डॉक्टर, ही गोळी परवडत नाही’ आणि ‘मी साखर कधीच बंद केली, आता फक्त शुगर फ्री बिस्किट खातो’ ही दोन वाक्ये अनेकदा एकाच रुग्णाकडून ऐकायला मिळतात. महिनाअखेरीस गोळी एक दिवसाआड घेणारे रुग्ण तालुक्यातल्या प्रत्येक डॉक्टरला माहीत आहेत. अशा रुग्णाला पथ्य पुन्हा समजावून सांगण्याइतकेच हे सांगणेही गरजेचे असते, की त्याची गोळी आता स्वस्त मिळू शकते आणि त्याच्या बिस्किटात काय आहे ते पुड्याच्या मागे लिहिलेले आहे.

गोळीची किंमत अचानक कशी उतरते?

पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याला ठरावीक काळापुरता मिळणारा एकाधिकार. भारतात हा काळ अर्ज केल्याच्या तारखेपासून २० वर्षांचा आहे. तोपर्यंत दुसऱ्या कंपनीला ते औषध परवानगीशिवाय बनवता किंवा विकता येत नाही. मुदत संपली की कोणतीही परवानाधारक कंपनी ते बनवू शकते, आणि स्पर्धेमुळे किंमत खाली येते.

अलीकडचे ठळक उदाहरण एम्पाग्लिफ्लोझिनचे. टाइप २ मधुमेहाबरोबर हृदय कमजोर असेल किंवा मूत्रपिंडावर परिणाम होऊ लागला असेल तर हे औषध फार उपयोगी पडते. त्याचे पेटंट ११ मार्च २०२५ रोजी संपले. त्याआधी एक गोळी साधारण ६० रुपयांना पडत असे. पेटंट संपताच अनेक भारतीय कंपन्यांनी हीच गोळी बाजारात आणली आणि काहींची किंमत दहा रुपयांच्याही खाली आली. सिटाग्लिप्टिनचे असेच झाले. जुलै २०२२ मध्ये त्याचे पेटंट संपले आणि काही महिन्यांतच जनऔषधी केंद्रांत ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना मिळू लागल्या.

रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ सोपा आहे. तीन-चार वर्षांपूर्वी ‘महाग आहे’ म्हणून तुम्हाला एखादे औषध दिले गेले नसेल किंवा मध्येच बंद केले असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना पुन्हा विचारा. जुने प्रिस्क्रिप्शन वर्षानुवर्षे तसेच चालू राहते आणि बाजार बदललेला असतो.

मात्र स्वस्त झाली म्हणून गोळी स्वतःहून सुरू करू नका. एम्पाग्लिफ्लोझिनच्या गटातली औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यामुळे लघवी वाढते, जननेंद्रियाच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि शरीरातले पाणी कमी होऊ शकते. उसाच्या फडात किंवा उन्हात दिवसभर राबणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. उलट्या-जुलाब लागले, जेवण बंद झाले, कडक उपवास असला किंवा ऑपरेशन ठरले तर ही गोळी काही दिवस थांबवावी लागते. नाहीतर रक्तातली साखर फार वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस नावाची गंभीर अवस्था येऊ शकते. डॉक्टरांनी ही गोळी लिहिली की ‘आजारी पडलो तर काय करायचे?’ हा प्रश्न तिथेच विचारून ठेवा.

वजन आणि मधुमेहासाठी सध्या ज्याची खूप चर्चा आहे, त्या सेमाग्लुटाइडचे भारतातले मुख्य पेटंट मार्च २०२६ पर्यंतचेच. किंमत कितीही उतरली तरी हे औषध मित्राच्या सल्ल्याने घेण्यासारखे नाही. मळमळ, उलट्या, स्वादुपिंडाची सूज यांचा धोका लक्षात घेऊन, वैद्यकीय देखरेखीखालीच ते घ्यायचे असते.

१९७० चा कायदा आणि २००५ चा बदल

जुनी औषधे आपल्याकडे तुलनेने स्वस्त का, याचे उत्तर १९७० च्या पेटंट कायद्यात आहे. त्याआधी इंग्रजांच्या काळातला १९११ चा कायदा चालू होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सरकारला अहवाल दिला आणि त्याच्या आधारे नवा कायदा झाला. तो १९७२ पासून लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमाने अन्न आणि औषध या दोन्हींना एकत्र ठेवले. अन्न किंवा औषध म्हणून वापरायच्या पदार्थावर पेटंट मिळणार नाही, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळेल, असा तो नियम होता. पोटात जाणाऱ्या, जीव वाचवणाऱ्या वस्तूवर एकाच्या हाती मक्तेदारी नको, एवढा साधा विचार त्यामागे होता. वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवण्याची मुभा मिळाली आणि भारतीय औषध उद्योग उभा राहिला.

जागतिक व्यापार संघटनेत सामील झाल्यावर ही मुभा सोडावी लागली. १ जानेवारी २००५ पासून औषध आणि अन्नपदार्थावरही थेट पेटंट मिळू लागले. पण संसदेने त्याच दुरुस्तीत काही कुंपणेही घातली. सर्वांत महत्त्वाचे कलम ३(ड). ज्ञात औषधाचा नुसता नवा क्षार, नवे स्फटिकरूप किंवा किरकोळ फेरफार यांना नवे पेटंट नाही. उपचारातला परिणाम खरोखर वाढतो, हे अर्जदाराने दाखवले पाहिजे. जुने पेटंट संपत आले की त्याच औषधाला थोडी रंगरंगोटी करून आणखी काही वर्षांची मुदत मिळवायची, ही युक्ती या कलमाने अडते.

रक्ताच्या कर्करोगावरच्या इमॅटिनिब या औषधाच्या एका स्फटिकरूपावर पेटंट मागणारे नोव्हार्टिस कंपनीचे अपील सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी याच कलमावर फेटाळले. त्या वेळी कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता आणि भारतीय जेनेरिक दहा हजारांच्या आसपास मिळत होते. हे औषध बहुतेकांना कायम घ्यावे लागते. त्यामुळे हा फरक त्या कुटुंबाच्या जमिनीचा, घराचा असतो.

पारंपरिक ज्ञानावरही पेटंट मिळत नाही. हळदीने जखम बरी करण्याच्या ‘शोधा’वर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून दाखवून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. आपल्या आजीला हे सांगितले तर ती हसेल, पण कागदावरचा पुरावा नसता तर ते पेटंट टिकले असते.

मुंबईत झालेले दोन निर्णय

पेटंटचे पश्चिम विभागाचे कार्यालय मुंबईत आहे. रुग्णांच्या दृष्टीने देशातले दोन मोठे निर्णय तिथलेच आहेत.

पहिला ९ मार्च २०१२ चा. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचे सोराफेनिब हे बायर कंपनीचे औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळत होते. पेटंट दिल्यापासून तीन वर्षांनंतरही औषध लोकांना वाजवी किमतीत, पुरेसे मिळत नसेल, तर दुसऱ्या कंपनीला ते बनवण्याचा सक्तीचा परवाना देता येतो. हे कायद्याचे कलम ८४. त्याखाली नॅटको या हैदराबादच्या कंपनीला परवाना मिळाला आणि महिन्याचा खर्च ९ हजारांच्या आत आला. मूळ कंपनीला विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी द्यायची होती, ती पुढे अपिलात ७ टक्के झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा निर्णय कायम ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. या कलमाखाली दिलेला परवाना आजवर एवढाच. माझ्या मते कायद्यातली ही तरतूद गरजेपेक्षा फारच कमी वापरली गेली आहे.

दुसरा निर्णय क्षयरोगाचा आहे आणि तो जास्त जवळचा वाटावा असा आहे. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर पूर्वी महिनोन्‌महिने कॅनामायसिनसारखी इंजेक्शने द्यावी लागत. त्यांनी अनेक रुग्णांची श्रवणशक्ती कायमची गेली. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी टीबीच्या उपचारात ऐकण्याची शक्ती गमावली. बेडाक्विलिन ही गोळी आल्यावर ती इंजेक्शने टाळणे शक्य झाले, पण ती महाग होती. तिचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने त्याच औषधाच्या फ्युमरेट क्षारावर दुसरे पेटंट मागितले. ते मिळाले असते तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती.

या दोघींनी २०१९ मध्ये पेटंट कार्यालयात हरकत घेतली. आपल्या कायद्याच्या कलम २५(१) नुसार पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही व्यक्ती अशी हरकत घेऊ शकते. तिने कंपनीच चालवली पाहिजे असे नाही, रुग्ण असली तरी चालते. २३ मार्च २०२३ रोजी, म्हणजे जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. पुढे जेनेरिक कंपन्या उतरल्या आणि जागतिक खरेदीत सहा महिन्यांच्या उपचाराची किंमत त्याच वर्षी निम्म्याहून खाली आली.

बेडाक्विलिन आज राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात रुग्णाला मोफत मिळते. मग किंमत कमी झाल्याने त्याला काय फरक पडतो, असे वाटेल. पैसे सरकार देते, आणि तेवढ्याच पैशांत जास्त रुग्णांना चांगले उपचार मिळतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे अशी लक्षणे असतील तर ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्या. आता बऱ्याच रुग्णांचा औषधरोधक टीबीचा उपचारही इंजेक्शनाविना होतो. ‘ती सुई नको’ म्हणून तपासणी टाळण्याचे कारण उरलेले नाही.

मार्च २०२४ मध्ये पेटंटचे नियम बदलले. पूर्वी पेटंट मंजुरीआधीची हरकत विनाशुल्क घेता येत असे, आता तिला शुल्क आहे. हरकत ऐकून घेण्यालायक आहे की नाही, हेही अधिकारी आधी ठरवतो. आपले पेटंट देशात प्रत्यक्ष किती वापरले जाते याची माहिती कंपन्यांना दरवर्षी द्यावी लागे, ती आता तीन वर्षांतून एकदा द्यायची आहे. अर्ज लवकर निकाली निघावेत असा सरकारचा युक्तिवाद आहे आणि तो अगदीच चुकीचा नाही. पण रुग्णाने हरकत घेण्याची वाट अरुंद झाली, हेही खरे आहे. सक्तीचा परवाना मागायचा तर औषध किती विकले गेले याचा हिशेब हातात लागतो. तो तीन वर्षे शिळा असेल तर काम अवघड होते.

स्ट्रिपवर काय वाचायचे?

औषधाच्या लेबलच्या नियमांत २०१८ साली एक चांगला बदल झाला. एक किंवा दोन घटकांच्या औषधावर जेनेरिक नाव ब्रँडच्या नावापेक्षा किमान दोन आकारांनी मोठे छापावे लागते. दुकानदाराने वेगळ्या कंपनीची स्ट्रिप दिली तर आधी हे मोठे नाव आणि त्यापुढचे मिलिग्रॅम जुळवून पाहा. दोन्ही सारखे असेल तर औषध तेच आहे. दोन वेगळ्या रंगांच्या स्ट्रिप म्हणजे दोन वेगळी औषधे असे समजून मेटफॉर्मिन दुप्पट घेणारे रुग्ण आढळतात. ही चूक या एका सवयीने टळते. साखरेच्या गोळ्यांमध्ये दोन-तीन घटक एकत्र असण्याची पद्धत फार आहे, म्हणून सगळी नावे वाचा. खपाच्या ३०० ब्रँडवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. मोबाइलने तो स्कॅन केला की औषधाचे नाव, उत्पादक, बॅच आणि मुदत दिसते. नियंत्रित औषधांच्या कमाल किमती ‘फार्मा सही दाम’ या सरकारी ॲपवर पाहता येतात.

पुड्याची मागची बाजू

आता बिस्किटाकडे वळू. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे. लेबलविषयीचे सध्याचे नियम २०२० मध्ये आले आणि दाव्यांचे नियम २०१८ मध्ये. पुड्याच्या पुढच्या बाजूला चित्रे आणि मोठी अक्षरे असतात, उपयोगाची माहिती मागे बारीक अक्षरांत असते.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. म्हणजे जो घटक सर्वांत जास्त, तो पहिला. ‘नाचणी बिस्किट’ नावाच्या पुड्यावर पहिला घटक मैदा, दुसरा साखर, तिसरा पाम तेल आणि नाचणी पुढे कुठेतरी चार-पाच टक्के, असे असू शकते. हे बेकायदेशीर नाही, लिहिलेले आहे, फक्त आपण वाचत नाही. साखर अनेक नावांनी येते: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, मध, गूळ. आपल्या भागात ‘गूळ चालतो’ हा समज घट्ट आहे. गुळात थोडे लोह आणि खनिजे असतात, पण रक्तातल्या साखरेला त्याने फारसा फरक पडत नाही. साखर जशी चढते तसाच गूळही.

‘शुगर फ्री’ लिहायचे तर १०० ग्रॅममध्ये ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. ‘लो शुगर’साठी घन पदार्थात ही मर्यादा ५ ग्रॅम आहे. ‘नो ॲडेड शुगर’ म्हणजे वरून साखर घातलेली नाही, पण फळाची किंवा दुधाची स्वतःची साखर त्यात असू शकते. यातला एकही शब्द ‘मधुमेहींनी हवे तेवढे खावे’ असे म्हणत नाही. शुगर फ्री बिस्किटात मैदा असतोच, आणि मैद्याची शेवटी साखरच होते.

हिशेब करून पाहू. समजा पुड्यावर १०० ग्रॅममागे कर्बोदके ७० ग्रॅम लिहिली आहेत आणि पुडा ७५ ग्रॅमचा आहे. चहाबरोबर अख्खा पुडा संपला तर सुमारे ५२ ग्रॅम कर्बोदके पोटात गेली. म्हणजे मध्यम आकाराच्या अडीच पोळ्या, त्याही जेवणाव्यतिरिक्त. म्हणून मधुमेहींनी ‘शुगर’च्या ओळीबरोबर ‘कार्बोहायड्रेट’ची ओळही पाहिली पाहिजे.

बीपीच्या रुग्णांनी सोडियमची ओळ पाहावी. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ, एक लहान चमचा. सोडियमला अडीचने गुणले की मीठ कळते. फरसाणाच्या पुड्यावर १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते २ ग्रॅम मीठ झाले. वरचे लोणचे, पापड आणि ठेचा वेगळे.

टक्क्यांचा तक्ता मात्र जपून वाचा. ‘रोजच्या गरजेच्या ५ टक्के’ हा आकडा एका सर्व्हिंगसाठी असतो, आणि सर्व्हिंग किती मोठे धरायचे ते कंपनी ठरवते. तीन बिस्किटांवर कोण थांबते?

दोन उणिवा कायद्यातच आहेत. ज्या वेष्टनाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटीमीटरपेक्षा मोठा नाही, त्यावर घटक आणि पोषणमूल्ये छापण्यातून सूट आहे. ती मोठ्या, घाऊक पॅकवर असली तरी चालते. शाळेबाहेरच्या टपरीवर मुले घेतात त्या छोट्या गोळ्या, चॉकलेटे याच आकाराची असतात. दुसरी उणीव भाषेची. लेबल इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असणे सक्तीचे आहे, इतर भाषा ऐच्छिक आहेत. काष्टीच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या पुड्यावर मराठीत एक ओळही नसली तरी तो नियमात बसतो. व्यवहारात बहुतेक पुडे इंग्रजीतच असतात. घरातल्या शाळकरी मुलाला मागची बाजू वाचायला सांगा, त्याचाही फायदा होतो.

पुढच्या बाजूचा प्रश्न अजून सुटलेला नाही

हिशेब न करता एका नजरेत कळावे, म्हणून पुड्याच्या दर्शनी बाजूला इशारा छापावा ही मागणी जुनी आहे. २०१८ च्या मसुद्यात साखर, मीठ, चरबी जास्त असेल तर लाल रंग दाखवण्याचा प्रस्ताव होता. तो मागे पडला. सप्टेंबर २०२२ मध्ये अर्ध्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत गुण देणारा मसुदा आला. त्यात फळे, सुकामेवा, तंतू, प्रथिने यांचे गुण मिळवून साखर-मिठाचे दोष काही प्रमाणात झाकता येतात. शिवाय ‘दोन तारे’ पाहणाऱ्याला काहीतरी चांगलेच मिळाल्यासारखे वाटते. माझ्यासह अनेक डॉक्टरांचा तारे पद्धतीला विरोध आहे तो यामुळे. चिलीमध्ये २०१६ पासून जास्त साखर, मीठ, चरबीच्या पदार्थांवर काळा अष्टकोनी शिक्का असतो. तिथे जाहिरातींवरही बंधने आली आणि असा शिक्का असलेल्या पेयांची खरेदी जवळपास चतुर्थांशाने घटल्याचे अभ्यासात दिसले. वाचता न येणाऱ्यालाही काळा शिक्का कळतो.

सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल २०२५ रोजी एका जनहित याचिकेवर केंद्राला तज्ज्ञ समितीची शिफारस तीन महिन्यांत घेऊन नियम दुरुस्त करायला सांगितले. पुढे मुदत वाढवून दिली गेली. दरम्यान काही छोट्या गोष्टी झाल्या. एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन दुकानांना माल्टच्या चॉकलेटी पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगण्यात आले, कारण कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ असा प्रकारच नाही. जून २०२४ मध्ये पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसावरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढण्याचा आदेश निघाला.

ओआरएस: अन्न की औषध?

औषधाचा आणि अन्नाचा कायदा एकाच वस्तूवर आदळतो तेव्हा काय होते, ते ओआरएसच्या प्रकरणात दिसले. जुलाबात द्यायचे ओआरएस हे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एका लिटरमध्ये ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. हे प्रमाण नेमके असावे लागते, कारण आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. साखर खूप जास्त झाली तर उलटे घडते, पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात.

बाजारात मात्र नावातच ‘ओआरएस’ असलेली, फळांच्या चवीची, कित्येक पट गोड पेये अन्नाच्या परवान्यावर विकली जात होती. औषध दुकानात औषधांच्या शेजारीच ती मांडलेली असत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने एप्रिल २०२२ मध्ये हे नाव वापरायला मनाई केली, पण त्याच वर्षी जुलैत ‘हे ओआरएस नाही’ अशी बारीक सूचना छापण्याच्या अटीवर पुन्हा परवानगी दिली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. शेवटी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ती परवानगी मागे घेण्यात आली.

आदेश निघाला तरी दुकानात पिशवी हातात आल्यावर दोन गोष्टी पाहा. ‘जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार’ असा उल्लेख आहे का, आणि औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक आहे का. १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक असेल तर ते अन्न आहे, औषध नव्हे. खरे ओआरएस आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. एका लिटरची पुडी पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवा, अर्धी पुडी अंदाजाने टाकू नका. केलेले पाणी २४ तासांत संपवा, उरलेले टाकून द्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घाला, लिंबू पिळले तरी चालते. मुलाला दर जुलाबामागे थोडे थोडे, चमच्याने पाजा. सोबत १४ दिवस झिंकची गोळी डॉक्टर किंवा आशाताई सांगतील त्या प्रमाणात द्या. अंगावरचे दूध चालू ठेवा. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, शौचात रक्त आले किंवा काहीच पोटात ठरत नसेल तर पाणी पाजत पाजतच लगेच रुग्णालयात आणा.

लेबलबद्दल तक्रार करायची असेल तर पुड्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो, बॅच क्रमांक आणि बिल जपून ठेवा. तक्रार ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर किंवा अन्न व औषध प्रशासनाच्या अहिल्यानगर कार्यालयात करता येते. औषधाचा दुष्परिणाम झाल्याचा संशय असेल तर स्ट्रिप फेकू नका, ती डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाचा अर्ज रुग्णालाही स्वतः भरता येतो.